दोन सिगारेटी, दहा वर्षं आणि एक कानसेन

आपल्याकडे गाणाऱ्याला तानसेन म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कानसेन. तानसेनांची चरित्रं लिहिली जातात, जन्मशताब्द्या साजऱ्या होतात, क्वचित पोस्टाचं तिकीटही निघतं. कानसेनाचं चरित्र कोण लिहिणार? त्यानं केलेलं तरी काय असतं? रात्र रात्र जागून मैफली ऐकल्या, पोटाला चिमटा घेऊन रेकॉर्डी जमवल्या, भेटेल त्याला धरून ‘हे ऐकलंस का?’ म्हणून पिडलं आणि घरच्यांनी कपाळाला हात लावला. संपलं चरित्र!

पण एका कानसेनाच्या नशिबी मात्र विलक्षण आयुष्य आलं. त्याच्या खटल्यापायी अमेरिकेतल्या एका राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरला. दुसऱ्या खटल्यात प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारला सर्वोच्च न्यायालयात हार खावी लागली. आणि बीटल्सपैकी जॉन लेननला त्याच्यावर गाणं करावंसं वाटलं. या माणसाचं नाव जॉन सिंक्लेअर. २ एप्रिल २०२४ रोजी डेट्रॉइट शहरात, वयाच्या ८२व्या वर्षी तो गेला.

हे नाव मला पहिल्यांदा भेटलं ते लेननच्या ‘सम टाइम इन न्यूयॉर्क सिटी’ या १९७२ सालच्या रेकॉर्डवर. तिच्यातल्या एका गाण्याचं शीर्षकच मुळी ‘जॉन सिंक्लेअर’ असं होतं. लेननच्या उत्तम रचनांत ते गाणं बसत नाही. पण असा कोण हा गृहस्थ, हे कुतूहल मागे लागलं ते लागलंच. पुढे त्याच्याविषयी वाचत गेलो तसतसा मी कधी वैतागलो, कधी पोट धरून हसलो आणि शेवटी या माणसाला नमस्कार करावा असंही वाटलं. त्याची सगळी मतं पटली म्हणून नव्हे. गांजाचा त्यानं जन्मभर जो उघड पुरस्कार केला, तो मला मुळीच मान्य नाही. तरीही त्याची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण विक्षिप्त माणसाशी समाजानं आणि सरकारनं कसं वागावं, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

मोटारींच्या गावातला रेडिओ

मिशिगन राज्यातलं फ्लिंट हे जनरल मोटर्सचं गाव. २ ऑक्टोबर १९४१ रोजी सिंक्लेअरचा जन्म तिथला. वडील ब्युइक मोटारींच्या कारखान्यात नोकरीला, आई शिक्षिका. घर गोऱ्या मध्यमवर्गीयाचं, म्हणजे शाळा, कॉलेज, नोकरी आणि निवृत्ती असा सगळा मार्ग आखून ठेवलेला. त्या मार्गावरून हा पोरगा घसरला तो रेडिओमुळे.

पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेत काळ्यांची वस्ती वेगळी, गोऱ्यांची वेगळी. पण रेडिओच्या लहरींना वस्ती कळत नाही. फ्लिंटच्या रेडिओवर ‘फ्रँटिक अर्नी’ या नावानं अर्नी डरहॅम नावाचा निवेदक काळ्या कलावंतांच्या रेकॉर्डी लावायचा आणि यमकांच्या फैरी झाडत बोलायचा. आपल्याकडे बिनाकाच्या वेळेला अमीन सयानींच्या आवाजासाठी घरोघर माणसं रेडिओभोवती गोळा होत. तसाच हा पोरगा अर्नीच्या आवाजाला चिकटला. ऱ्हिदम अँड ब्लूजपासून सुरुवात झाली. कॉलेजात त्याला जॅझ भेटलं आणि मग जॉन कोल्ट्रेन, थेलोनियस मंक, माइल्स डेव्हिस ही त्याची दैवतं झाली.

मला वाटतं, सिंक्लेअरचं पुढचं सगळं राजकारण या ऐकण्यातून आलं. ज्यांच्या संगीतानं आपल्याला वेड लावलं, ती माणसं आपल्याच गावात दुय्यम नागरिक म्हणून जगतात, हे त्याला कुणा पुस्तकानं शिकवलं नव्हतं. ते त्याला कानांनी सांगितलं.

१९६४ साली इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन तो पुढच्या शिक्षणासाठी डेट्रॉइटला आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काही कवी, वादक आणि चित्रकार मित्रांसह त्यानं ‘डेट्रॉइट आर्टिस्ट्स वर्कशॉप’ सुरू केलं. वर्गणी काढून भाड्याची जागा घ्यायची, तिथे जॅझ वाजवायचं, कविता वाचायच्या, आपली पुस्तकं आपणच चक्रमुद्रित करून विकायची, असा तो मामला. आपल्याकडे साठच्या दशकात लघुनियतकालिकं काढणाऱ्या मंडळींशी या खटाटोपाचं नातं सहज लक्षात यावं. लेनी आर्न्ट ही पूर्व जर्मनीतून निसटून आलेली तरुणी या मंडळींत होती. पुढच्याच वर्षी तिनं सिंक्लेअरशी लग्न केलं. तिच्या हाती कॅमेरा होता. त्या काळातलं डेट्रॉइट आज आपल्याला दिसतं, ते बरंचसं लेनी सिंक्लेअरच्या छायाचित्रांमुळे.

याच सुमारास ‘डाउन बीट’ या जॅझच्या प्रतिष्ठित मासिकात तो लिहू लागला. गडी इथेच थांबला असता, तर एक चांगला संगीत समीक्षक म्हणून नाव मिळवून गेला असता.

गिटार आणि जाहीरनामा

पण थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सहा फुटांवर उंची, मोठं शरीर, खांद्यावर रुळणारे कुरळे केस, दाढी आणि अखंड बोलणं. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये वांशिक दंगल पेटली. लष्कर बोलवावं लागलं, ४३ माणसं मेली. पुढल्या वर्षी सिंक्लेअर आपला सगळा गोतावळा घेऊन जवळच्याच ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी गेला. हिल स्ट्रीटवरच्या दोन मोठ्या घरांत त्यांचा कम्यून, म्हणजे एका चुलीवरचा संसार, सुरू झाला.

तोवर ‘एमसी फाइव्ह’ नावाच्या पाच पोरांच्या रॉक बँडचा तो व्यवस्थापक झाला होता. एमसी म्हणजे ‘मोटर सिटी’, अर्थात डेट्रॉइट. कारखान्याच्या यंत्रांसारखा दणदणाट करणारा हा बँड. आपल्या पोरांनी जॅझमधली मोठी माणसं ऐकावीत असा सिंक्लेअरचा ध्यास. सन रा हा जॅझमधला थोर आणि तितकाच अजब संगीतकार. आपण शनी ग्रहावरून आलो आहोत, असं तो गंभीरपणे सांगत असे. त्याच्या ताफ्याला सिंक्लेअरनं डेट्रॉइटला बोलावून एमसी फाइव्हबरोबर एकाच मंचावर आणलं! ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं तेव्हा व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात तरुण जमले होते. त्यांच्यापुढे लिंकन पार्कमध्ये हा बँड वाजला. ऑक्टोबरअखेर डेट्रॉइटच्या ग्रँडी बॉलरूममध्ये त्यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला आणि १९६९ च्या आरंभी ‘किक आउट द जॅम्स’ ही रेकॉर्ड बाजारात आली. तिच्यातल्या एका शिवीवरून डेट्रॉइटच्या मोठ्या दुकानानं ती ठेवायला नकार दिला. बँडनं त्या दुकानाला शिवी हासडणारी जाहिरातच छापली आणि रेकॉर्ड कंपनीनं बँडशी करार मोडला.

मधल्या काळात आणखी एक उद्योग झाला होता. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे नेते ह्यूई न्यूटन यांना कुणीतरी विचारलं, की गोऱ्यांनी तुमच्यासाठी काय करावं? न्यूटन म्हणाले, त्यांनी व्हाइट पँथर पक्ष काढावा. सिंक्लेअर, लेनी आणि त्यांचा मित्र पन प्लॅमंडन यांनी नोव्हेंबर १९६८ मध्ये तो खरोखरच काढला. अमेरिकेतल्या पँथरांची ही हाक पुढे आपल्याकडेही पोचली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, हे वाचकांना ठाऊकच आहे. मात्र नामदेव ढसाळ, राजा ढाले यांच्या पँथरमागे पिढ्यान्‌पिढ्यांची वेदना होती. या गोऱ्या पँथरांच्या दहा कलमी जाहीरनाम्यात पहिलं कलम ब्लॅक पँथरांना पाठिंब्याचं; पण पुढे पैसा रद्द करा, अन्नवस्त्र सगळ्यांना फुकट द्या, आणि रॉक संगीतासह सगळी मौजमजा भर रस्त्यात आणा, अशा मागण्या! आज ते वाचताना हसू येतं. कुणालाही वाटावं, ही तर पोराटोरांची थट्टा. सरकारला मात्र ती थट्टा वाटली नाही.

दोन सिगारेटी

आता थोडं मागं जायला हवं. डेट्रॉइटच्या पोलिसांचा सिंक्लेअरवर पूर्वीपासून डोळा होता. गांजा बाळगल्याबद्दल तो दोनदा दोषी ठरला होता आणि सहा महिने आतही जाऊन आला होता. १९६६ साली एक तरुण आणि एक तरुणी त्याच्या मंडळींत येऊ-जाऊ लागली. टंकलेखन कर, किरकोळ कामं कर, असं करत दोघं घरची झाली. २२ डिसेंबर १९६६ रोजी त्या तरुणीनं गांजा मागितला. सिंक्लेअरनं दोन सिगारेटी वळून दिल्या. पैसे घेतले नाहीत. ती दोघंही साध्या वेषातले पोलीस होते. पुढच्याच महिन्यात मोठी धाड पडली आणि सिंक्लेअरसह ५६ जण पकडले गेले.

खटला अडीच वर्षं रेंगाळला. जुलै १९६९ मध्ये शिक्षा झाली. दोन सिगारेटींबद्दल किमान साडेनऊ आणि कमाल दहा वर्षं! अपील होईपर्यंत जामीनही नाही. त्याच वेळी एमसी फाइव्हचं आणि त्याचं बिनसलं होतं. त्या पोरांना बीटल्सपेक्षा मोठं व्हायचं होतं आणि मला ती माओपेक्षा मोठी व्हायला हवी होती, अशा अर्थाचं त्याचं वाक्य पुढे सांगितलं जाऊ लागलं. त्या एका वाक्यात त्याच्या राजकारणातला सगळा पोरकटपणा आला. ज्यांच्यासाठी जीव टाकला ते दूर गेले, हातात गज आले. घरी लेनी आणि एक लहानगी मुलगी. दुसरी मुलगी जन्मली तेव्हा बाप तुरुंगात होता.

इथे माझ्या मनातला राग सिंक्लेअरवरून हलतो. गांजा वाईट, हे मान्य. कायदा मोडला, हेही मान्य. पण दोन सिगारेटींचं माप दहा वर्षं? त्या वेळी मिशिगनच्या कायद्यात गांजा आणि हेरॉइन एकाच पंक्तीला बसवलेले होते. शिवाय ही शिक्षा सिगारेटींना होती की लांब केसांना, जाहीरनाम्याला, काळ्यांशी असलेल्या दोस्तीला, असा प्रश्न तेव्हाही अनेकांना पडला. तो गांजा ओढत नसलेल्यांनाही पडला, हे महत्त्वाचं.

पंधरा हजारांची रात्र

त्याच्या सुटकेची पहिली हाक उठली ती फार विचित्र तऱ्हेनं. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकचा विख्यात संगीत महोत्सव चालू होता. ‘द हू’ हा बँड वाजत असताना ॲबी हॉफमन नावाचा कार्यकर्ता मंचावर घुसला आणि ध्वनिक्षेपक धरून सिंक्लेअर तुरुंगात सडतोय म्हणून ओरडू लागला. गिटारवादक पीट टाऊनशेंडनं त्याला हातातल्या गिटारनंच ढकलून लावलं! संगीत की राजकारण, हा साठच्या दशकाचा झगडा त्या एका धक्क्यात दिसतो.

पुढची दोन वर्षं लेनी आणि मित्रांनी पत्रकं काढली, सभा घेतल्या. शेवटी १० डिसेंबर १९७१ रोजी ॲन आर्बरच्या क्रिस्लर अरीना या बंदिस्त क्रीडागृहात मोठी सभा ठरली. तिकीट तीन डॉलर. जॉन लेनन आणि योको ओनो येणार हे कळताच तिकिटं हातोहात संपली. १५ हजार माणसं जमली. ॲलन गिन्सबर्ग आला. १९६२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या कवींत मिसळून गेलेला हा कवी मराठी साहित्यिकांच्याही ओळखीचा. ब्लॅक पँथरचे बॉबी सील बोलले, फिल ओक्स गायला, आर्ची शेपनं सॅक्सोफोन वाजवला. २१ वर्षांचा स्टीव्ही वंडर कुणाला न सांगता अवतरला. मधेच तुरुंगातून सिंक्लेअरचा टेलिफोन आला आणि सभागृहातल्या कर्ण्यांवरून ऐकवला गेला. बोलता बोलता त्या अगडबंब माणसाला रडू फुटलं. लेनन मंचावर आला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

सभेच्या आदल्याच दिवशी मिशिगनच्या विधिमंडळानं गांजाबाबतची शिक्षा कमी करणारं विधेयक मंजूर केलं होतं. सभेनंतर तीन दिवसांनी, १३ डिसेंबरला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सिंक्लेअरची जामिनावर सुटका केली. ९ मार्च १९७२ रोजी त्याच न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली. गांजाला हेरॉइनच्या वर्गात टाकणारा कायदाच घटनेत बसत नाही, असा निर्वाळा दिला. नवा कायदा लागू व्हायला १ एप्रिल उजाडला. मधले तीन आठवडे मिशिगनमध्ये गांजाबद्दल कुठलाच कायदा नव्हता.

लेननला मात्र ही रात्र महागात पडली. सभागृहात एफबीआयचे खबरे बसले होते. त्यांनी लेननच्या गाण्याचे शब्द उतरवून घेतले आणि ते ‘गोपनीय’ म्हणून फायलीत गेले. गंमत अशी, की तेच शब्द पुढे त्याच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेले होते! हाच माणूस निवडणुकीच्या वर्षात निक्सनविरोधात तरुणांना गोळा करील, या भीतीनं सरकारनं लेननला देशाबाहेर काढायचा घाट घातला. तो निस्तरायला त्याला १९७५ उजाडलं.

तारेवरचा कान

दुसरा खटला तर याहून मोठा. सप्टेंबर १९६८ मध्ये ॲन आर्बर इथल्या सीआयएच्या कचेरीबाहेर बॉम्बस्फोट झाला. कुणाला इजा झाली नाही. प्लॅमंडननं तो घडवला आणि सिंक्लेअर कटात सामील होता, असा आरोप सरकारनं ठेवला. सुनावणीत उघड झालं, की प्लॅमंडनचं टेलिफोनवरचं बोलणं सरकारनं न्यायालयाची परवानगी न घेता चोरून ऐकलं होतं. देशाच्या सुरक्षिततेसाठी तो आमचा अधिकारच आहे, असं सरकारचं म्हणणं. डेट्रॉइटचे न्यायाधीश डेमन कीथ, स्वतः कृष्णवर्णीय, यांनी हे म्हणणं फेटाळलं. सरकार वर वर जात सर्वोच्च न्यायालयात पोचलं. १९ जून १९७२ रोजी तिथे आठ विरुद्ध शून्य असा निकाल लागला. देशांतर्गत सुरक्षेच्या नावाखाली नागरिकाचं बोलणं न्यायालयाच्या परवान्याशिवाय ऐकता येणार नाही, असं न्यायालयानं बजावलं. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांना खुद्द निक्सन यांनीच नेमलेलं होतं. आणि वॉटरगेट इमारतीतले चोर पकडले जाऊन तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते! ऐकलेलं संभाषण उघड करण्यापेक्षा सरकारनं खटलाच सोडून दिला. चोरून ऐकण्यावर मर्यादा घालणारा अमेरिकेचा १९७८ चा कायदा ज्या घडामोडींतून आला, त्यांत हा निकाल आहे.

न्यायालयापुढे उभे होते ते कुणी थोर पुढारी नव्हते. ज्यांना शेजारीपाजारी ‘वाया गेलेली पोरं’ म्हणतील अशी माणसं होती. पण सभ्य माणसाच्या टेलिफोनला आडोसा मिळाला तो यांच्या खटल्यातून. नागरिकांचे हक्क बहुधा असेच मिळतात. चारचौघांसारख्या वागणाऱ्या माणसाच्या वाटेला सरकार सहसा जातच नाही. कायद्याची सीमा कुठे आहे हे कळतं, ते न आवडणाऱ्या माणसाला शिक्षा देताना.

क्रांतीनंतर

क्रांती काही आली नाही. पँथर पक्षाचं नाव बदललं आणि मग तो विरून गेला. लेनीशी काडीमोड झाला. तुरुंगात लिहिलेलं ‘गिटार आर्मी’ हे पुस्तक १९७२ साली निघालं. त्यातली बरीच गर्जना आज जुनी वाटते. पण सुटून आल्यावर या माणसानं पहिलं मोठं काम कोणतं हाती घेतलं? संगीत महोत्सवाचं! सप्टेंबर १९७२ च्या ॲन आर्बर ब्लूज अँड जॅझ फेस्टिव्हलमध्ये मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, माइल्स डेव्हिस आणि आपले शनिवासी सन रा एकाच मैदानावर वाजले. उधळे केस घेऊन रॉक ऐकणाऱ्या हजारो गोऱ्या पोरांना, ‘अरे, तुमच्या गाण्याचे आजे-पणजे हे आहेत,’ असं त्यानं समोर बसवून ऐकवलं. तिसऱ्या वर्षी गावानं परवानगी नाकारली, महोत्सव कॅनडात न्यावा लागला आणि तो कर्जात बुडाला.

१९९१ साली तो जॅझची जन्मभूमी न्यू ऑर्लिन्स इथे गेला आणि तिथल्या स्वयंसेवकांच्या रेडिओ केंद्रावर रेकॉर्डी लावू लागला. ब्लूजच्या साथीनं कविता वाचत फिरला. मंकच्या एकेका रचनेवर एकेक कविता लिहिण्याचा नाद त्यानं वर्षानुवर्षं जोपासला. २००३ मध्ये ॲम्स्टरडॅम गाठलं, तिथूनही रेडिओच चालवला. पैसा कधी टिकला नाही. मित्रांच्या घरी मुक्काम, हातात पिशवी, पिशवीत रेकॉर्डी.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी प्रौढांना गांजाची मुभा दिली. १ डिसेंबर २०१९ रोजी ॲन आर्बरमध्ये पहिली दुकानं उघडली तेव्हा रांगेतल्या पहिल्या गिऱ्हाइकांत ७८ वर्षांचा सिंक्लेअर होता. वर्तमानपत्रांनी त्या दृश्याचा मोठा गाजावाजा केला. त्याचा तो विजय साजरा करायला माझं मन धजत नाही. नशेनं उद्ध्वस्त झालेली घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण शिक्षेचं माप चुकलं होतं, हे म्हणायला नशेचा कैवार घ्यावा लागत नाही.

सिंक्लेअर दांपत्याची कागदपत्रं आज मिशिगन विद्यापीठाच्या बेंटली ऐतिहासिक ग्रंथालयात जतन केलेली आहेत. ज्या गावच्या पोलिसांनी त्याची धास्ती घेतली, त्याच गावचे विद्यार्थी त्याच्यावर प्रबंध लिहायला ती चाळतात. त्यांत पत्रकं सापडतील, जाहीरनामे सापडतील, न्यायालयाची कागदपत्रं सापडतील. मला मात्र तो दिसतो तो रेडिओच्या खोलीत, कानाला यंत्र लावून बसलेला. एक रेकॉर्ड संपतेय, दुसरी हातात तयार आहे, आणि बाहेरच्या कुणा अनोळखी माणसाला त्याला एवढंच सांगायचं आहे: ‘थांब, जाऊ नकोस, आता हे ऐक.’